मोरीत जाऊन बसणारा बोका आणि घरातला औषधांचा डबा

तासगावजवळच्या एका गावातून एका ताईंनी विचारलं होतं: "डॉक्टर, आमच्याकडे दोन वर्षांचा गावठी कुत्रा आहे आणि चार वर्षांचा बोका. सांगली आम्हाला पंचवीस-तीस किलोमीटर पडते, उठसूट येणं होत नाही. घरात कुठली औषधं ठेवावीत, किती द्यावीत आणि दवाखान्यात कधी आणावं, हे एकदा सविस्तर लिहून द्या. मागच्या वर्षी आमच्या भाटीला ताप होता. मेडिकलमधून आणून तापाची अर्धी गोळी दिली, दुसऱ्या दिवशी ती गेली. बेदाण्याच्या दिवसांत कुत्रा वाळवणीच्या शेडवरच असतो, खाली पडलेले मणी खातो, त्यानं काही होत नाही ना? आणि बोका कालपासून सारखा मोरीत जाऊन बसतोय, बहुतेक पोट साफ होत नाही. एरंडेल देऊ का?"

शेवटची दोन वाक्यं वाचली आणि बाकीचं तसंच ठेवून मी त्यांना फोन लावला. मोरीत बसून तो कुंथतोय का, मागची जागा सारखी चाटतोय का, ओरडतोय का, एवढंच विचारलं. तिन्हीला 'हो' आलं. मग म्हटलं, मोरीची फरशी बघून या, लघवीचा थेंब तरी दिसतो का. त्या गेल्या, परत आल्या, म्हणाल्या, "कोरडी ठणठणीत आहे." मी म्हटलं, ताई, एरंडेल बाजूला ठेवा आणि आत्ताच्या आत्ता निघा.

रात्री साडेनऊला त्या आणि त्यांचे दीर द्राक्षाच्या क्रेटमध्ये बोका घालून, वरून जाळी बांधून आले. पोटाखाली हात घातला तर मूत्राशय मोसंबीएवढं आणि तसंच टणक लागलं. एरवी ते अर्धवट फुगवलेल्या फुग्यासारखं मऊ असतं, हाताला पटकन सापडतही नाही. हलकी भूल दिली, बारीक नळी घातली, तर टोकाशीच वाळूत रुतल्यासारखी कचकच झाली. सलाईननं हळूहळू धुत आत गेलो आणि मग लालसर लघवी सिरिंजमागून सिरिंज निघत राहिली. तीन दिवस नळी आणि सलाईन ठेवून काल तो घरी गेला. आता बाकीचं निवांत लिहितो.

आधी या दुखण्याबद्दल, कारण हे लोकांना हमखास फसवतं. बोक्याची मूत्रनलिका टोकाला फार अरुंद असते. लघवीतले खडे, खडेही नव्हेत, चिकट स्रावात मिसळलेली बारीक रेव, तिथं बुचासारखी बसते. भाटीची नलिका रुंद आणि आखूड असते, म्हणून तिला जळजळ होते पण सहसा तुंबत नाही. लघवी अडली की मूत्रपिंडावर उलटा दाब येतो, रक्तात पोटॅशियम साठतं आणि शेवटी हृदयच अडखळतं. पूर्ण तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावतो. पहिल्या दिवशी तो अस्वस्थ असतो, दुसऱ्या दिवशी उलट्या करतो, मग शांत पडतो. आणि त्या शांत पडण्याला घरचे म्हणतात, आता बरं वाटतंय त्याला, झोपलाय.

मी नवीन असताना, शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून बाहेर पडून जेमतेम वर्ष झालं असेल, असाच फोन रात्री आला होता. मी म्हटलं, सकाळी आणा. सकाळी त्यांनी टॉवेलात गुंडाळून आणला तो गार पडलेला. तेव्हापासून बोका कुंथतोय म्हटलं की मी वेळ विचारत नाही. शी अडली असेल तर एक दिवस थांबता येतं, लघवी अडली असेल तर एक रात्रही थांबता येत नाही. दोन्हींत फरक कळत नसेल, आणि लांबून तो पुष्कळदा कळत नाहीच, तर लघवीच समजून निघायचं.

आता भाटीचं. ताई, तुम्ही ती गोळी तिला बरं वाटावं म्हणूनच दिली होती, हे मला माहीत आहे, आणि खरं सांगितल्याशिवायही राहवत नाही. ती गेली ती बहुतेक त्या गोळीनंच. पॅरासिटामॉल आपल्या यकृतात ज्या वाटेनं निकामी होऊन बाहेर पडतं, ती वाट मांजराच्या शरीरात जवळजवळ नाहीच. त्यामुळे औषधाचं विष होतं. रक्तातला लाल रंग प्राणवायू वाहून नेण्याच्या लायकीचा राहत नाही, रक्त चॉकलेटी पडतं, हिरड्या तपकिरी-निळसर दिसतात, तोंड आणि पंजे सुजतात, मांजर धापा टाकतं. पाचशेच्या गोळीतली अर्धी म्हणजे अडीचशे मिलिग्रॅम. चार किलोच्या मांजराला ते किलोमागे साठाच्या वर गेलं. याहून कितीतरी कमी पोटात जाऊनही मांजरं दगावतात. लहान मुलांचं गोड औषधही तेच आहे, फक्त बाटलीत. वेळेत आलं तर यावर उतारा आहे, म्हणून चुकून गेलंच तर लाजू नका, लपवू नका, नेमकं किती आणि किती वाजता दिलं ते सांगा. निम्मी माणसं हे सांगत नाहीत आणि आमचा तास-दोन तास अंदाज बांधण्यात जातो.

कुत्र्याच्या बाबतीतही अंगदुखीच्या गोळ्यांचा डबा बंदच ठेवा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठराला जखमा होतात, काळी डांबरासारखी शी होते, मूत्रपिंडं जातात. डायक्लोफेनॅकवर तर २००६ पासून आपल्या देशात जनावरांसाठी बंदी आहे. ती आली गिधाडांमुळे. हे औषध दिलेल्या मेलेल्या जनावरांचं मांस खाऊन गिधाडं संपत आली होती. आपल्या कुत्र्याला माणसाच्या स्ट्रिपमधली तीच गोळी देताना हे कुणाच्या मनातही येत नाही.

मग डब्यात ठेवायचं काय? माझं उत्तर ऐकून पुष्कळांची निराशा होते, कारण त्यात पोटात द्यायचं औषध जवळपास नाहीच. एक डिजिटल थर्मामीटर, जनावरांसाठी वेगळा. सलाईनची छोटी बाटली जखम धुवायला. पोव्हिडोन आयोडीन, तेही चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावायचं. गॉज, रुंद बँडेज, बोथट टोकाची कात्री, गोचीड काढायला चिमटा, एक जुना जाड टॉवेल, आणि सुती कापडाची लांब पट्टी. ही पट्टी कुत्र्याच्या तोंडाला बांधण्यासाठी. दुखण्यानं कळवळलेला कुत्रा जीव लावणाऱ्या मालकालाही चावतो, त्यात त्याचा दोष नसतो. मात्र त्याला उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर तोंड बांधायचं नाही. डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा: दोघांची वजनं, लसींच्या तारखा, दोन डॉक्टरांचे फोन. औषधाचा सगळा हिशोब वजनावर चालतो, आणि रात्री बारा वाजता "असेल वीसेक किलो" या अंदाजानं चालत नाही.

डब्यात काय नको तेही सांगतो. गाई-म्हशींच्या गोचिडांचं औषध नको. ते अंदाजानं पाण्यात ढवळून कुत्र्याला आंघोळ घालतात, मग घरातलं मांजर त्याला चिकटून झोपतं आणि अंग चाटतं. या जातीची बरीच औषधं मांजराला सोसत नाहीत, थरथर सुटते, झटके येतात. कुत्र्याच्या मानेवर टाकायचं पिसवांचं औषधही त्यावर 'मांजरासाठी' असं छापलेलं नसेल तर मांजराला लावायचं नाही. डांबरगोळी आणि फिनेल जखमेवर नको. आणि हळद. मी सांगलीचा, हळदीच्या पेठेत लहानाचा मोठा झालो, हळदीबद्दल माझ्या मनात काही आकस नाही. पण तेल-हळदीचा लेप जखमेवर पापुद्रा धरतो, वरून जखम सुकल्यासारखी दिसते आणि खाली अळ्या होतात. पावसाळ्यात असा पिवळा पापुद्रा उचलला की खाली काय वळवळत असतं ते मी आठवड्यात दोनदा तरी पाहतो. जखम धुवा, कोरडी करा, उघडी दिसेल अशी ठेवा, माशी बसू देऊ नका.

पाजण्याबद्दल एक. बैलाला नळीनं औषध पाजतात तसं मांजराला किंवा कुत्र्याला तोंड वर धरून तेल, दूध, काढा पाजू नका. ते श्वासनलिकेत उतरतं. एरंडेलासारखं तेल फुप्फुसात गेलं तर मूळ दुखणं परवडलं असं म्हणायची वेळ येते. विषबाधेत मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची जी रीत आहे तीही सोडा. त्या मिठानंच जनावरं गेली आहेत.

आता तुमच्या प्रश्नातला खरा भाग, दवाखान्यात कधी आणावं. याचं उत्तर पाठ करण्यासारखं नाही, हाताला लावून घेण्यासारखं आहे. आज, दोघं धडधाकट असताना, ही गोष्ट करून बघा. कुत्र्याचा वरचा ओठ उचला. हिरडी ओलसर आणि गुलाबी असते. काहींची काळी असते, तेव्हा डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा. हिरडीवर बोट दाबा, तिथं पांढरं होईल, बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडा, लगेच सपाट व्हायला हवी. झोपलेला असताना छाती मिनिटाला किती वेळा वर येते ते मोजा, तीसच्या आत असते. हे आठवड्यातून एकदा, सहज कुरवाळताना, असं केलंत की तुमच्या हाताला तुमच्या जनावराची नेहमीची खूण कळते. मग पांढरट हिरडी, पिवळी हिरडी, कोरडी चिकट हिरडी तुम्हाला माझ्याआधी कळेल. मला तो कुत्रा दहा मिनिटं दिसतो, तोही घाबरलेला. तुम्हाला तो रोज दिसतो.

ताप मात्र हात लावून ठरवू नका. कुत्र्या-मांजराचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं. त्यांचं साधं तापमान साडेशंभर ते साडेएकशेदोन फॅरनहाइट. आपल्या मापानं १०२ म्हणजे फणफणलेला ताप, त्यांच्या मापानं काहीच नाही. किती मांजरांना या गैरसमजापायी तापाची गोळी मिळते याचा विचार केला की वाईट वाटतं. थर्मामीटरच्या टोकाला थोडं खोबरेल लावून गुदद्वारात बोटाच्या एका पेराइतका आत, आवाज होईपर्यंत. १०३ च्या वर गेलं तर फोन करा. नाक कोरडं आहे की ओलं, यावरून काही ठरत नाही.

लगेच निघायचं असं काय काय: बोक्याची लघवी अडली. मांजर तोंड उघडून श्वास घेतंय. कुत्रा जीभ काढून धापा टाकतो ते नेहमीचं, मांजरानं तसं केलं तर ते संकट. हिरड्या पांढऱ्या पडल्या. पोट एकाएकी नगाऱ्यासारखं फुगलं आणि कुत्रा ओकायला बघतो पण काही पडत नाही. झटके पाच मिनिटांच्या वर चालले किंवा एकामागून एक आले. पिल्लाला उलट्या आणि रक्ताची शी, तिला एक विशिष्ट कुबट वास येतो. ज्या कुत्रीचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नाही ती माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत एकदम पाणी फार पिऊ लागली, जेवण सोडलं. तिच्या गर्भाशयात पू भरलेला असू शकतो. आणि काहीतरी विषारी खाल्ल्याची नुसती शंका. मांजरानं दोन दिवस तोंडाला काही लावलं नाही तर तेही थांबण्यासारखं नाही, जाड मांजराचं तर अजिबात नाही. उपाशी राहिलं की चरबी यकृतात साठत जाते. कुत्रा दिवसभर उपाशी राहिला आणि हुंदडतोय तर मी काळजी करत नाही.

बेदाण्याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. तासगावकरांपुढं द्राक्ष-बेदाण्याविरुद्ध बोलायचं म्हणजे कसं, पण कुत्र्याला दोन्ही विषारी आहेत. सगळ्यांना सारखे बाधत नाहीत, एखादा मूठभर खाऊन पचवतो, एखाद्याची मूत्रपिंडं थोडक्यात बंद पडतात, आणि आपला कुत्रा या दोहोंतला कुठला हे आधी कळायला मार्ग नाही. असं का, हे कोडं बरीच वर्षं होतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या विषतज्ज्ञ पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. द्राक्षाच्या वाणाप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे त्याचं प्रमाण बदलतं, कुत्र्याला ते सोसत नाही. चिंचेतही तेच असतं, म्हणून चिंचेचा कोळ, चिंचेची आमटीही टाळायची. बेदाण्यात पाणी उडालेलं असतं, म्हणजे चार मण्यांचा ऐवज एका चिमटीत. 'आजवर काही झालं नाही' हे खरं असेल, पण पुढच्या वेळेची ती हमी नव्हे.

होतं असं: खाल्ल्यावर बहुतेक त्याच दिवशी उलट्या होतात, उलटीत फुगलेले बेदाणे दिसतात. मग कुत्रा सुस्त होतो आणि एक ते तीन दिवसांत लघवी आधी वाढते, मग कमी होते, मग बंद. आम्ही दोन-तीन तासांत गाठला तर इंजेक्शननं उलटी काढता येते, दोन दिवस सलाईन लावून मूत्रपिंडं धुतलेली ठेवता येतात. लघवी बंद झाल्यावर आणलात तर माझ्या हातात फारसं काही राहत नाही. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत एका शेडवरचा राखणीचा कुत्रा आणला होता. मालक सांगत होता की कुणीतरी विष घातलं. मी त्याची उलटी तबकात पाण्यानं पसरली, तर त्यात काळपट फुगलेले मणी, देठासकट. विष कुणी घातलं नव्हतं, रॅकखालचा झाडून ठेवलेला माल होता. म्हणून शेडवर कुत्रा असू द्या, पण रॅकच्या बाजूला त्याला येऊ देऊ नका. खाली पडलेला माल झाडून लगेच झाकणाच्या पिंपात टाका. त्याच शेडच्या पत्र्याखाली मार्च-एप्रिलमध्ये उष्माघातही होतो, तेव्हा बांधायची जागा झाडाखाली हवी आणि पाणी मातीच्या जड भांड्यात, सांडणार नाही असं. कुत्र्याला घाम पंज्यांखेरीज येत नाही, तो जिभेवाटे गार होतो. फार धापतोय, लाळ घट्ट झालीय, झोकांड्या खातोय असं दिसलं तर साध्या नळाच्या पाण्यानं भिजवत, वारा घालत आणायचा. बर्फ नको.

बागेतली दुसरी धास्ती फवारणीची. औषधाच्या डब्याचं झाकण चाटणं, ड्रममधलं पाणी पिणं एवढ्यानं होतं. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, अंग थरथरणं. येताना तो डबा किंवा त्यावरच्या लेबलचा फोटो घेऊन या, त्यावर उतारा ठरतो. उंदराच्या औषधाचं आणखी वेगळं. वडीच्या औषधानं रक्त गोठणं थांबतं, पण लक्षण तीन-चार दिवसांनी दिसतं, तोवर घरचे विसरलेले असतात. वडी खाल्ली असं दिसल्या दिवशी आणलात तर जीवनसत्त्व 'के'नं जनावर वाचतं. काळ्या पुडीचं, म्हणजे झिंक फॉस्फाइडचं, पोटात गेलं तर उलटीतून विषारी वायू येतो, तेव्हा गाडीच्या काचा उघड्या ठेवून आणा आणि उलटीवर वाकून वास घेऊ नका.

गोचिडांबद्दल थोडक्यात, कारण त्यावर वेगळं लिहावं लागेल. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड कुत्र्यावर कमी आणि भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीत जास्त असतो. एक मादी हजारांनी अंडी घालते. नुसता कुत्रा स्वच्छ करून भागत नाही, त्याची जागाही करावी लागते. बोटांच्या बेचक्या, कानाच्या आत, पट्ट्याखाली बघा. गोचीडतापात कुत्रा खात नाही, हिरड्या फिकट होतात, कधी नाकातून रक्त येतं. दुसऱ्या एका प्रकारात लघवी कॉफीसारखी होते. दोन्हींचं निदान रक्ताच्या एका थेंबात होतं आणि लवकर आलं तर औषध गुण देतं.

लसीबद्दल मात्र मी थोडक्यात आटोपणार नाही. तुमच्या कुत्र्याची रेबीजची लस झालीय का, हे तुमच्या प्रश्नात कुठंच नव्हतं. फोनवर विचारलं तेव्हा कळलं, लहानपणी एक झाली होती. एक पुरत नाही. तीन महिन्यांचा झाल्यावर पहिली, मग वर्षानं, आणि आपल्या भागात दर वर्षी. मांजरालाही. शेडवरचा कुत्रा रात्री इतर कुत्र्यांशी, कोल्ह्यांशी भिडतो, त्यातून तो घरात येतो, तुमच्या मुलांच्या हातातलं खातो. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर कुत्र्यालाही औषध नाही आणि माणसालाही नाही. आणि रेबीज म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं चवताळलेला, धावत सुटलेला कुत्रा येतो. निम्मा धोका दुसऱ्याच रूपात येतो. कुत्रा कोपऱ्यात बसतो, जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. घरच्यांना वाटतं घशात हाड अडकलं, आणि कुणीतरी प्रेमानं तोंडात हात घालतं. कृपा करून हात घालू नका. गाय-म्हैस काही खात नाही, वेगळ्याच आवाजात हंबरते, लाळ गाळते, तेव्हाही तोंडात हात नको.

चावलं किंवा नखानं ओरबाडलं तर आधी नळाच्या धारेखाली साबणानं पंधरा मिनिटं, घड्याळ लावून, धुवायचं. मिरची, चुना, हळद काही नाही. मग त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस. चावणाऱ्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची हे बरोबर, पण लस त्यासाठी थांबवायची नाही. रक्त आलं असेल तर जखमेतच टोचायचं दुसरं औषधही लागतं, ते मागून घ्या.

बाकी लसींत पिल्लांचा पार्व्हो, म्हणजे उलट्या आणि रक्ताच्या शीचा आजार, मोठा. सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिला डोस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, आणि शेवटचा सोळा आठवड्यांचं झाल्यावर. पुष्कळजण दोन झाले की थांबतात. आईच्या दुधातून आलेली ताकद लसीला आडवी येते आणि ती कधी ओसरेल ते सांगता येत नाही, म्हणून तो शेवटचाच डोस सगळ्यांत कामाचा. आणि हा विषाणू अंगणातल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतो. एक पिल्लू पार्व्होनं गेलं तर त्याच जागी लगेच लस न झालेलं दुसरं आणू नका. लेप्टोची, म्हणजे उंदराच्या लघवीनं दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराची, लस मोठ्या कुत्र्याला दर वर्षी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हापासून सांगलीवाडी, हरिपूरकडच्या लोकांना हे सांगावं लागत नाही. तुमच्याकडे कृष्णा येत नाही, पण उंदराची लघवी आणि साचलेलं पाणी एकत्र आलं की झालं, उसाच्या सरीतही ते होतं.

साप म्हटलं की आपल्या जिल्ह्यात नागपंचमीचं शिराळा आठवतं, पण घोणस, नाग, मण्यार, फुरसं काय फक्त तिथंच असतात असं नाही. कुत्रा हुंगायला जातो, म्हणून दंश तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. घोणस चावली की सूज तासाभरात कानापर्यंत चढते, मण्यारीची सूजच नसते, नुसता लुळा पडत जातो. आवळून बांधू नका, चिरू नका, चालवू नका, उचलून आणा. सापाच्या विषावर माणसाला देतात तेच उताऱ्याचं इंजेक्शन कुत्र्यालाही लागू पडतं.

जेवणाचं बोलल्याशिवाय बोक्याकडे परत जाता येणार नाही. कुत्रा भाकरी, भात, वरण, अंडं, कोंबडी यांवर नीट जगतो, कांदा-लसणाची आमटी आणि शिजवलेली हाडं तेवढी नकोत. कांद्यानं रक्तपेशी फुटतात. मांजर मात्र दूध-भाकरीवर जगत नाही, तगतं. त्याला मांस लागतंच, कारण टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याला स्वतःला पुरेसं बनवता येत नाही. ते कमी पडलं की डोळे आणि हृदय जातं. मोठ्या मांजराला दूध बहुधा पचतही नाही.

तुमचा बोका नुसत्या कोरड्या पाकिटावर होता आणि पाण्याची एकच वाटी, तीही त्याच्या जेवणाच्या ताटलीला लागून. मांजराला पाणी जेवणापासून लांब आवडतं. घरात तीन ठिकाणी रुंद, काठोकाठ भरलेल्या वाट्या ठेवा. तुम्ही म्हणालात तो टाकीच्या गळक्या नळाखाली बसून पाणी चाटतो, तर तो नळ सध्या दुरुस्त करू नका. निम्मं जेवण तरी ओलं हवं: उकडलेल्या कोंबडीचा खिमा, त्याचंच बिनमिठाचं पाणी घालून, आणि पाकीट हळूहळू लघवीच्या त्रासासाठी मिळतं ते. घरात पाहुणे, नवं कुत्रं, सामानाची हलवाहलव असं काही झालं की मांजराला ताण येतो आणि हे दुखणं उलटतं. तुमच्याकडे गेल्या महिन्यात कुत्रा शेडवरून घरी आला, मला शंका त्याचीच आहे. बोक्याला चढून बसायला एक उंच जागा द्या, कुत्र्याला जाता येणार नाही अशी. मोरीऐवजी एका पसरट टपात बारीक वाळू घालून ठेवा, म्हणजे रोज किती ओले गोळे झाले ते मोजता येईल. दिवसाला दोन-तीन हवेत. एकही नसेल त्या दिवशी मला फोन, वेळ बघायची नाही.

पुढच्या सोमवारी त्याची लघवी तपासायची आहे. सकाळी टपातली वाळू काढून कोरडा टप ठेवा, त्यात केली की सुईशिवायच्या सिरिंजनं ओढून स्वच्छ बाटलीत भरा आणि दोन तासांच्या आत घेऊन या. येताना कुत्र्यालाही आणा, त्याची रेबीजची लस त्याच दिवशी करून टाकू, आणि डब्याच्या झाकणावर लिहायला दोघांचं वजनही घेऊ.